उशाला ठेवायचं जू

आमच्याकडे बैलाच्या खांद्यावरचं जू कधी चुलीत घालत नाहीत. मोडलं, चिरलं, किडीनं खाल्लं तरी ते गोठ्यामागं पडून राहील, पण सरपणात जाणार नाही. ज्यानं जू जाळलं त्याचा जीव सुखानं जात नाही, अडकून राहतो, असं म्हणतात. मग अशा माणसाच्या उशाला जू आणून ठेवायचं, म्हणजे त्याची सुटका होते. हे खरं का खोटं, ते मला विचारू नका. मी सुतार आहे, शहाणा नाही. पण ह्या एका समजुतीनं माझ्या जिंदगीत आधी हसू आणलं आणि मग माझं सगळं धुऊन नेलं.

बहात्तरच्या दुष्काळात मी लग्न झालेला, लेकराबाळांचा बाप होतो. औशाच्या बाजूला आमचं गाव, आणि माझे वडील गावचे सुतार. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. पेरणीच नाही म्हटल्यावर तिफण कोण नीट करून घेणार? वाकस, पटाशी, रंधा, सगळं खुंटीला. सगळं गाव खडी फोडायला रस्त्याच्या कामावर, तसे आम्हीही. वैरण संपली तशी लोकांनी बैलं बाजारात नेली, काहींची दावणीलाच मेली. मागं राहिलं जू. मोकळं जू रोज डोळ्यासमोर बघवत नाही आणि जाळता तर येत नाही. मग लोक ते खांद्यावर टाकून आमच्या दारात यायचे. "आबा, ठेवा तुमच्यापाशी. पाऊस पडला की नेतो."

आबांनी कुणाला नाही म्हटलं नाही. घरामागच्या लिंबाखाली जुवांचा ढीग लागला. बायको वैतागून म्हणायची, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आपल्या लेकरांना बसायला जागा न्हाई, अन् ह्यांची जुवं सांभाळा." काहीजण तर बिऱ्हाडच उचलून निघाले होते. ते जाताना म्हणाले, "आम्ही काय आता परत येत न्हाई. ही तुमचीच समजा."

त्यांच्याच एका जुवाला मी पहिल्यांदा पटाशी लावली. का लावली, देव जाणे. खडी फोडून हात नुसते बधिर झाले होते, त्यांना लाकूड आठवत होतं, एवढंच. जू समोर धरलं तर बैलांच्या मानेवर येणाऱ्या दोन कमानींची दोन वशिंडं दिसतात. मी त्याचा उंट केला. पाय कुळवाच्या मोडक्या दांड्यांचे, डोळे बाटलीच्या बुचांचे, गळ्यात फुटके घुंगरू. चारही पायांत चार वेगवेगळ्या तुटक्या चपला घातल्या. उंट कामावर निघालाय म्हणून डोक्याला खडीवाल्या बाईसारखी चुंबळ दिली. पुढं तिफणीच्या चाड्याचं, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीचं, घुबड झालं, तुपाच्या रिकाम्या डब्याचं पोट असलेला सावकार झाला, सायकलची घंटी नाकाच्या जागी असलेलं माकड झालं. नाक दाबलं की वाजायचं.

गाव काय सोडतंय होय! "रिकामा सुतार बायकोचे कुल्ले ताशी," म्हणायचे, अन् तरी संध्याकाळी कामावरून येताना वाट वाकडी करून आमच्याकडे यायचे. पापण्यांवर दगडाची भुकटी, पोटात सरकारी सुकडी, आणि माकडाचं नाक दाबून हसायचे. एक म्हातारी तर उंटाला रोज रामराम घालायची. मी म्हणायचो, "हसा, हसा. हसायला कुठं पाणी लागतंय!" त्या वर्षात मला एवढीच एक गोष्ट करता आली, आणि ती चांगली करता आली.

आबा मात्र हसले नाहीत. ते उंटाभोवती एक चक्कर मारून आले, सांधे दाबून बघितले आणि म्हणाले, "सांधा पक्का हाय. पण ह्याला जुंपायचं कुठं?" एवढंच. मला ते लागलं. आयुष्यभर त्यांनी केलेली प्रत्येक वस्तू कुणाच्या ना कुणाच्या शेतात राबली होती, आणि माझं काम नुसतं उभं राहून दात काढत होतं. पण त्यांनी मला अडवलं नाही. आत्या, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, विधवा होऊन आमच्याकडेच राहायची. ती चिडायची. "दादा, पोरगं जुवं कापायलंय. जाळणं काय अन् कापणं काय, एकच." आबा म्हणायचे, "जाळलं तर न्हाई ना? गप."

पाऊस पडला. ज्यांनी न्यायची म्हटलं होतं, त्यांतल्या थोड्यांनी जुवं नेली. बाकीच्यांची लिंबाखाली कुजली, काही मी घेतली. वर्षं गेली. गावात बैलजोड्या कमीच राहिल्या, आमचं काम त्याहून कमी. मग लातूर उस्मानाबादपासून वेगळं निघालं, आमचा नवा जिल्हा झाला. गुलाल काय, पेढे काय, फटाके काय! जो तो म्हणायचा, आता दिवस पालटले. मलाही तसंच वाटलं, कारण एका नव्या कचेरीचे साहेब दौऱ्यावर असताना जीप थांबवून आमच्या अंगणात आले. कोणती कचेरी ते सोडा. माकडाचं नाक दाबून ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "हे सगळं आमच्या आवारात लावू. लोक बघतील तरी." मी टेंपोत उंट, घुबड, सावकार, माकड, होतं नव्हतं ते सगळं भरलं. आत्या म्हणाली, "एखादं तरी ठेव." मी म्हटलं, "नवं करतो." पण पुढं एकही नवं केलं नाही. लातूरला माझं काम उभं आहे, ह्याच गुर्मीत मी दिवस घालवले.

पुढच्या थंडीत आबांनी अंथरूण धरलं. छातीत कफ, अन्न बंद, बोलणं जवळजवळ बंद. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. नातेवाईक येऊन, पाणी पाजून गेले. तरी जीव जाईना. श्वास घशात खरखर वाजायचा, थांबतोय असं वाटायचं, आणि परत सुरू व्हायचा. बघवत नव्हतं. मी देवाला म्हटलं, ने बाबा ह्यांना. स्वतःच्या बापासाठी असं मागताना तोंड कडू होतं.

आत्या मग सगळ्यांच्या देखत बोललीच. "जू ठेवा उशाला. त्याबिगर सुटायचे न्हाईत. ह्या पोरानं जुवं कापली, ते दादा भोगायलेत." मला संताप आला. तिला काहीतरी बोलणार होतो, पण आतून वाटलं, बाई खोटं बोलत असेल तर बरं. घरात शोधलं तर एक जू नाही. लिंबाखाली मातीच. ज्या सुताराच्या दारात गावाची जुवं येऊन पडायची, त्याच्याच घरात बापाच्या उशाला ठेवायला जू नाही!

बैल असलेल्यांकडे गेलो. सगळे मला ओळखणारे, माझ्या माकडावर हसलेले. पण मरणाऱ्याच्या उशाचं जू परत बैलावर ठेवत नाहीत, आणि दुसरं करायला लाकूड कुठाय? एकानं तर दारातूनच हात जोडले. "माझी जोडी हायेच एक. माफ कर." त्याचं बरोबर होतं.

मग लातूर गाठलं. उंटाचं तर उंटाचं, पण जूच ते. पाय काढीन, बुचं उपटीन, ठेवीन उशाला. कचेरीच्या फाटकात स्कूटरी लावलेल्या. माझं काहीच दिसेना. साहेबांची बदली झालेली. मागच्या बाजूला राखणदार भेटला. भला माणूस, त्यानं मला चहा विचारला. म्हणाला, "ती लाकडं व्हय? गाड्या लावायला जागा पायजे म्हणून मागं टाकली हुती. थंडीत अंघोळीचं पाणी तापवलं आम्ही. वाळलेलं लाकूड, झकास पेटलं." बंबाशेजारी घंटी पडली होती, काळी पडलेली. मी ती उचलली पण नाही. त्याला रागावणार तरी कोणत्या तोंडानं? ती जुवं होती, हे ओळखायला मी काही शिल्लक ठेवलं होतं का?

घरी येऊन "मिळालं न्हाई" एवढंच म्हटलं. जाळलं, हे आत्याला सांगायची माझी छाती झाली नाही. आबा तसेच. खरखर चालूच. आत्या म्हणाली, "मग कर की. सुतार हायस ना?" मी गोठ्याच्या छपराखालचा लिंबाचा वासा काढला, अंगणात टाकला आणि वाकस घेतला.

कितीतरी वर्षांनी मी सरळ लाकूड तासत होतो. नाक नाही, डोळे नाहीत, चपला नाहीत. बैलाच्या मानेला टोचू नये म्हणून खोलगट जागा गुळगुळीत करायची, आणि ह्या जुवाला तर बैल लागणारच नव्हता, तरी मी ती तासत बसलो. अर्धं-मुर्धं नेऊन ठेवलं असतं तरी आत्याला चाललं असतं. मला चालत नव्हतं. वाटलं, आबांच्या उशाला जायचं तर असं जावं, की त्यांनी हात फिरवला तर म्हणावं, हां, हे जू. एकदा बायको दारात येऊन उभी राहिली. मी वर न बघता म्हटलं, "झालं, आलोच." ती आत गेली.

दुपार कलली. एका बाजूची भोकं पाडून मी दुसऱ्या बाजूला गिरमिट लावलं आणि आतून आत्याचा हंबरडा ऐकू आला.

मी तसाच जू घेऊन आत धावलो. आबा गेले होते. आत्यानं रडत रडत माझ्या हातातलं जू ओढून घेतलं आणि त्यांच्या उशाला ठेवलं. एका बाजूची भोकं राहिलीच होती. आत्या म्हणाली, "बघ, अंगणात जू घडायलं, तेवढ्यावर सुटले बघ दादा." शेजारच्या बायकांनी माना हलवल्या.

तिसरा झाल्यावर बायकोनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "सांगू का नको, असं झालंय." मग म्हणाली, "त्या दिवशी मामंजींना वाचा फुटली हुती. त्यांनी तुमचं नाव घेतलं. म्हणले, कुठाय त्यो? मी म्हणलं, अंगणात जू करायलेत. तर म्हणले, कशाला ते. त्याला म्हणावं ऱ्हाऊ दे, इथं माझ्यापाशी बस जरा."

"अगं, मग मला बोलवलं का न्हाईस?"

"आले हुते की दारात. पण आत्याबाईंनी मागनं पदर धरला. म्हणल्या, जू झाल्याबिगर दादा सुटायचे न्हाईत, करू दे त्याला. अन् तुम्हीच म्हणला, आलोच. मामंजींना मी तसंच सांगितलं. मग ते दाराकडं बघत पडले."