कॅसेटवरचं नाव

गेमवाला भाई प्रेसमध्ये शिरला तेव्हा मी एका साडीच्या लेबलवर ‘महारानी’ हा शब्द मधोमध बसवत होते. त्याने काही न बोलता हातातली पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. टीव्हीवर खेळायच्या व्हिडिओ गेमच्या पिवळ्या कॅसेटी माझ्या कीबोर्डवर घसरत आल्या. सगळ्यांवर आम्हीच छापलेलं एकच लेबल होतं: बंदूक घेतलेला उघड्या छातीचा माणूस, मागे आग, आणि वर लाल इंग्रजी अक्षरांत ‘सुपर किलर आर्मी’.

“नाम तमे नाख्युं ने, बेन? तो बतावो, आमां मारामारी क्यां छे?”

गेममध्ये मारामारी कुठेच नव्हती, म्हणून दुकानदारांनी माल परत पाठवला होता. पोरं घरी जाऊन कॅसेट लावत होती, आर्मी कुठे दिसेना म्हणून रडत होती, आणि बाप दुकानात येऊन भांडत होते. गेमवाल्याने हे सगळं मला उद्देशून सांगितलं, पण बघत मात्र प्रेसच्या मालकाकडे, आमच्या शेठकडे होता. शेठ पलीकडच्या खुर्चीत बशीत चहा ओतत होते. ते म्हणाले, इंग्लिश तर हीच शिकलेली आहे, आम्हाला काय कळतं.

ते नाव शेठनीच दिलेलं होतं. याच खुर्चीतून, असाच चहा ओतताना, तोंड वर न करता. मी फक्त टाइप केलं होतं. पण मी तेव्हा बोलले नाही. शाळेतही उत्तर येत असताना हात वर न करणारी मी. त्यातून एखादा पुरुष चढ्या आवाजात बोलत असेल तर मी कीबोर्डकडेच बघत राहायचे.

घाबरायला वेगळं कारणही होतं. आबा, म्हणजे माझे वडील, पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये रंगखात्यात होते. धुळ्याकडून सुरतेत येऊन त्यांनी इथे खोली केली होती, आणि आमच्या गल्लीत कुणी घातली नव्हती तेव्हा मला इंग्लिश मिडियमला घातलं होतं. बारावीनंतर मी कॉम्प्युटर टायपिंग शिकले आणि रिंग रोडच्या कापड मार्केटमागच्या या लेबलच्या प्रेसमध्ये काम मिळालं, तेव्हा ते आधी नकोच म्हणाले. मग एकच अट घातली. कामावरून एक जरी तक्रार आली, कसलीही, तर दुसऱ्या दिवसापासून घरी. पांडेसऱ्याहून शटल रिक्षात अनोळखी माणसांना खेटून मी रोज जाते, पुरुषांच्या प्रेसमध्ये एकटी मुलगी बसते, हे त्यांनी मनावर दगड ठेवून चालवून घेतलं होतं. घरी बसणं म्हणजे नुसतं बसणं नव्हतं, हे मला माहीत होतं. अमळनेरच्या आत्याने दोन स्थळं बघून ठेवली होती.

मार्केटमध्ये साडीला नाव देण्याची एक पद्धत होती, आणि आमचे शेठ त्यात तरबेज मानले जायचे. डिझाइन आलं की व्यापारी म्हणायचा, शेठ, नाम आपो. शेठ साडीकडे बघतसुद्धा नसत. ‘रूपसी’ म्हणायचे, ‘चांदनी’ म्हणायचे. मागच्या वेळी जे नाव चाललं तेच पुन्हा, पुढे ‘डिलक्स’ लावून. एकच साडी कोल्हापूरकडे जाणार असेल तर खोक्यावर ‘महालक्ष्मी’, आणि उत्तरेकडे जाणार असेल तर ‘राधिका’. खोकं बदलायचं, आत माल तोच. यात कुणाला फसवल्यासारखं वाटत नसे, आणि खरंच कुणी फसतही नसे. ‘चांदनी’ नेसलेली बाई, यात चांदणं कुठे आहे, असं विचारत दुकानात परत येत नाही.

गेमवाल्याचा मोठा भाऊ साडीवाला, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याच्या ओळखीने गेमच्या कॅसेटींची लेबलं आमच्याकडे आली आणि शेठनी त्यांनाही साड्यांचाच न्याय लावला. एका कॅसेटवर ‘किलर’ चाललं म्हणून पुढच्या सगळ्यांवर ‘किलर’. मग ‘सुपर किलर’. मग ‘सुपर किलर आर्मी’. आतला गेम कुणी बघितला नव्हता. मीही नाही. मी बंदूकवाल्याचं चित्र मोठं-लहान करत बसले होते.

आता गेमवाला सांगत होता की शनिवारपर्यंत या कॅसेटीला विकलं जाईल असं नाव मिळालं नाही, तर तो दुसऱ्या प्रेसकडे जाईल, आणि भावाची खोकीही त्याच्याबरोबर जातील. तो गेल्यावर शेठनी कप खाली ठेवला. रागावले नाहीत, हेच वाईट होतं. शांतपणे म्हणाले, “शनिवारी जमलं नाही तर तुझ्या आबांना बोलावून घेतो. काय झालं ते त्यांना सांगावं लागेल ना, बेटा.”

त्या संध्याकाळी आबा मोरीत हात धूत होते. रंगखात्यातल्या माणसाच्या हातांचा रंग साबणाने कधी पूर्ण निघत नाही. त्या आठवड्यात त्यांची नखं हिरवी होती. मी पाणी ओतत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “काय व्हयनं वं?” काय झालं गं.

घरी आबा अहिराणीच बोलायचे. मी म्हटलं, काही नाही, एका लेबलवरून बोलणं झालं, शनिवारी कळेल.

“तक्रार उनी का?” तक्रार आली का, एवढंच त्यांना हवं होतं.

“शनिवारी कळेल, आबा.”

त्यांनी हात झटकले. पंचा घेतला. “शनवारले मी येसू,” शनिवारी मीच येतो, म्हणाले आणि आत गेले.

पुढचे दिवस मी कागदावर इंग्रजी शब्द लिहीत आणि खोडत राहिले. ‘डेंजर’, ‘एस्केप’, ‘मिशन’. सगळे ‘चांदनी’सारखेच, कशालाही लावा. शुक्रवारी माझ्या लक्षात आलं की मी शेठसारखंच करते आहे, फक्त शब्दकोशातून. कॅसेटीच्या आत काय आहे ते मला अजूनही माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी शेठ आल्याबरोबर मी म्हटलं, मला गेम बघायचा आहे. ते बघतच राहिले. मी आजवर त्यांच्याकडे आपणहून सुट्टीसुद्धा मागितली नव्हती. थोडा वेळ त्यांनी डोकं खाजवलं, मग स्कूटर काढायला लागले, मग मी मागे बसणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि रिक्षा बोलावली. आबा आज येणार आहेत हे मी सांगितल्यावर, निघताना त्यांनी प्रेसच्या माणसाला सांगून ठेवलं की हिचे वडील आले तर गेमवाल्याच्या दुकानावर, भागळला पाठव.

गेमवाल्याचं दुकान भागळच्या बाजूला एका बोळात होतं. आत टीव्ही उंच मांडणीवर, आणि खाली जमिनीवर सतरंजी. गेम लावून दाखवायचा तो तिथेच बसून. दोन सेल्समन काउंटरला टेकून उभे होते. गेमवाला म्हणाला, बघायचं काय त्यात, खेळा ना. सेल्समन हसले. एकजण म्हणाला, बेनला भरतकामाचा गेम लावा.

मी ओढणी खोचून सतरंजीवर बसले. पाठीमागे चार पुरुष. एका सेल्समनने गेमचं बटणांचं रिमोट माझ्या हातात दिलं. पडद्यावर एक उंच इमारत, तिला मजलेच मजले, आणि सगळ्यात खाली टोपी घातलेला एक छोटा माणूस. बंदूक नाही, शत्रू नाही. मी त्याला उजवीकडे नेलं, डावीकडे नेलं. त्याला एक शिडी सापडली. तेवढ्यात खालून निळी रेघ वर यायला लागली. ती हळूच आली. त्याचे पाय बुडाले, कंबर बुडाली, आणि तो गेला.

“बस? आटलुंज?” एवढंच का, असं सेल्समन म्हणाला.

मी पुन्हा सुरू केलं. आता शिडी कुठे आहे ते माहीत होतं. वरच्या मजल्यावर गेले, तिथे दुसरी शिडी तुटलेली. फळी उचलून लावावी लागत होती. फळी एका टोकाला, शिडी दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या वेळात पाणी. मला घाई झाली की बटण चुकायचं. पुन्हा गेला. पुन्हा सुरू केलं. किती वेळ खेळले कुणास ठाऊक. मागचं हसणं केव्हा थांबलं तेही कळलं नाही.

मग मी अशा मजल्यावर पोचले जिथे आधी पोचलेच नव्हते. फळी हातात होती आणि शिडी दिसत नव्हती. पाणी खालचा मजला भरून वर येत होतं. आणि मागे ते सगळे ओरडायला लागले. मघाचा हसणारा सेल्समन काउंटर ओलांडून पुढे आला होता. “पाणी आव्युं, बेन, पाणी आव्युं! उपर चडो!” गेमवाल्याने मांडणी धरली होती. शेठ चपला न घालता सतरंजीवर उभे होते.

सुरतेत तापीच्या काठी राहणाऱ्याला हे ओरडणं शिकवावं लागत नाही. धरणातून पाणी सोडलं की बोळाबोळांतून हेच शब्द पळत येतात. ऐकणारा माणूस आधी कशातही असो, त्याचे डोळे जिना शोधतात.

मी रिमोट खाली ठेवलं. पडद्यावरचा माणूस बुडाला. सेल्समन हळहळला. मी मागे वळले तर दाराशी आबा उभे होते. मिलच्या कपड्यांत, हातात डबा. ते केव्हापासून उभे होते मला माहीत नाही. मी जमिनीवर, ओढणी खोचलेली, चार पुरुषांच्या मध्ये, टीव्हीवर गेम खेळताना.

मी उठले. ओढणी सरळ केली आणि म्हटलं, “नाव मिळालं. ‘पानी आया’. हिंदीत, सगळीकडे कळेल असं.”

गेमवाल्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, हे काय नाव झालं. फॉरेनचा माल आहे. इंग्लिश नाव नसेल तर लोक म्हणतील इथेच उधन्याला बनवलाय. त्यासाठी तर इंग्लिश शिकलेली मुलगी आहे ना तुमच्याकडे, असं तो शेठना म्हणाला. शेठनी मान हलवली. मग गेमवाल्याने दारात बघितलं आणि आबांना विचारलं, ही तुमचीच का? तुमच्या मुलीच्या नावामुळे माझा माल परत आलाय, माहीत आहे का?

आबांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. शेठना त्यांनी मोडक्या गुजरातीत विचारलं की नाव दिलं कोणी.

शेठ पंख्याकडे बघायला लागले.

मी आयुष्यात एवढा वेळ कुणाच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. मी थांबले, शेठ बोलतील म्हणून. त्यांची नजर पंख्यावरून हलली नाही. मग मी म्हणाले, आणि हिंदीत म्हणाले, कारण ती भाषा तिथल्या कुणाचीच नव्हती, पहिलं नाव शेठनी सांगितलं, मी टाइप केलं. हे नाव माझं आहे. हे परत आलं तर तक्रार माझी.

मी टीव्हीकडे वळले. गेम आपोआप पुन्हा सुरू झाला होता.

गेमवाला शेवटी म्हणाला, थोडीच छापा. आणि चित्र? मी म्हटलं, बंदूकवाला काढून टाकायचा. शिडी, तिच्यावर माणूस, खाली पाणी. बाकी काही नाही. ‘सुपर’ नाही, ‘डिलक्स’ नाही. तो माझ्याकडे संशयाने बघत राहिला, पण नाही म्हणाला नाही. अक्षरं तरी इंग्लिश ठेवा, एवढं म्हणाला. ती मी ठेवणारच होते.

परतताना शटल रिक्षात आबा पुढे ड्रायव्हरजवळ बसले, मी मागे. उधना दरवाज्याला गर्दीत रिक्षा थांबली तेव्हा ते मागे न वळता म्हणाले, “शेठसमोर असं नही बोलानं.” सोमवारपासून घरी बस, असं मात्र म्हणाले नाहीत. मी सोमवारी निघाले तेव्हा ते चहा पीत होते. मी चप्पल घातली, दाराची कडी काढली. मागून हाक आली नाही.

शेठ मला तोडून बोलत नव्हते, पण बेटाही म्हणत नव्हते. लेबलं छापून गेली. गल्लीत कुठलीही स्कूटर थांबली की माझी बोटं कीबोर्डवर थांबायची. मला ती पिवळ्या कॅसेटींची पिशवी पुन्हा उलटी होताना दिसायची. त्या दिवसांत मी साड्यांची नावंही वेगळ्या नजरेने वाचायला लागले होते. त्यांना कधीच कुणी परीक्षेला बसवत नाही, याचा थोडा रागही यायचा. गेमचं नाव पोरं पहिल्या मिनिटाला तपासतात. नाव ऐकून जे वाटलं तेच हाताला लागलं पाहिजे, नाहीतर ती रडतात. आणि रडणारं पोर कुणाची भीड ठेवत नाही. मी चुकले असेन तर ते मला पोरांकडूनच कळणार होतं, आणि मग आबांना.

गेमवाला आला तो दुपारी. हातात पिशवी होती. मी उठून उभी राहिले, का ते माहीत नाही. त्याने आधी शेठना नमस्कार केला, भावाच्या खोक्यांचं काहीतरी विचारलं, पंख्याखाली घाम पुसला. मग पिशवीत हात घालून एक कॅसेट काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. नुसतं पिवळं प्लास्टिक. तिच्यावर लेबलच नव्हतं.

“नाम पछी,” तो म्हणाला. “पहेलां रमी जुओ.”

नाव नंतर, आधी खेळून बघा. शेठ म्हणाले, रोज भागळला कोण पाठवणार हिला. गेमवाला म्हणाला, जुना टीव्ही पडलाय माझ्याकडे, इथेच लावून देतो. मी विचारलं, आधीची कॅसेट? तो खांदे उडवत म्हणाला, संपली, अजून लेबलं छापा.

संध्याकाळी मोरीत पाणी ओतताना मी आबांना सांगितलं की गेमवाला प्रेसमध्ये टीव्ही लावून देणार आहे, आणि मला त्यावर गेम खेळायचे आहेत, कामाचा भाग म्हणून. त्यांनी हात पुसले. बराच वेळ पुसले. मग विचारलं की टीव्ही अशा जागी लावणार का, की खेळताना मी दरवाजातून दिसत राहीन.

मी म्हटलं, मी तशाच जागी लावायला सांगते.