कन्सेप्टा पाइंट भरायला शिकते

चौतीस वर्षं पबच्या काउंटरमागे काढल्यावर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, गिऱ्हाइकाशी कसं वागावं हे शिकायचं भाग्य कन्सेप्टा गेरिटीला लाभलं. आयर्लंडमधल्या रॉसकॉमनमधला तिचा पब एका कंपनीने विकत घेतला होता आणि कंपनीचं फर्मान निघालं होतं: आदरातिथ्याचं प्रमाणपत्र नसेल तर नोकरी नाही. नवरा गेल्यापासून तिला त्या पबशिवाय दुसरं जगच उरलं नव्हतं. म्हणून ती मुकाट्याने सहा आठवडे वर्गात जाऊन बसली.

शिकवायला ओशीन नावाचा सव्वीस वर्षांचा तज्ज्ञ होता. त्याने जन्मात बिअरचा एक ग्लास, म्हणजे पाइंट, भरला नव्हता, पण पाइंट कसा भरावा यावर पडद्यावर दाखवायला त्याच्याकडे बेचाळीस चित्रं होती. गिऱ्हाईक आत आलं की दहा सेकंदांत हसायचं. काय हवं ते विचारायचं. मग आणखी काहीतरी त्याच्या गळ्यात मारायचं. याला तो 'अनुभव समृद्ध करणं' म्हणे.

"आणि गिऱ्हाईक रडत आलं तर?" कन्सेप्टाने विचारलं.

"तरी हसायचं. हसू आतून आलं पाहिजे."

"असं होय. माझं बहुतेक कमरेत अडकलंय."

परीक्षा तिच्याच पबमध्ये, शुक्रवारी दुपारी बारा वाजता होती. पास व्हायला साठ गुण हवे होते. ओशीन कागद घेऊन कोपऱ्यात बसला.

शुक्रवारी बारा ही टॅन्सी बंधूंची वेळ. मॅटी आणि ल्यूक यांच्यात एका कुंपणावरून बावीस वर्षं अबोला होता, तरी दोघे एकाच वेळी येत आणि काउंटरच्या दोन टोकांना बसत. "त्याला सांग, गाय व्यायली," मॅटी म्हणे, की कन्सेप्टा आठ पावलं चालून ल्यूकला सांगे. काळ्या बिअरचा फेस खाली बसायला वेळ लागतो. त्यामुळे मॅटी रस्ता ओलांडताना खिडकीतून दिसला, की ती दोन हातांत दोन ग्लास घेऊन नळाशी उभी राहायची.

त्या शुक्रवारीही तो दिसला आणि ती उभी राहिली. दोन्ही ग्लास काठोकाठ भरल्यावर तिला आठवलं, की ल्यूकला मंगळवारी पुरलं. अंत्यविधीला आलेल्यांसाठी सँडविचेस तिनेच केली होती.

मॅटी आत आला. तिचं हसायचं राहिलं, विचारायचंही राहिलं. कोपऱ्यात पेन दोनदा फिरलं.

"मॅटी, माझं मेलीचं डोकं..."

"असू दे गं." तो आपल्या टोकाला गेलाच नाही. भावाच्या स्टुलावर बसला आणि दोन्ही ग्लास पुढ्यात ओढले. "त्याला सांग..." एवढंच म्हणाला.

"सांगते," कन्सेप्टा म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

ओशीनने बेरीज केली. हसणं शून्य, विचारणं शून्य. "पण विक्रीला एकसष्ट गुण, आणि त्यात पैकीच्या पैकी!" तो भारावून गेला होता. "मागितला नसताना दुसरा पाइंट विकलात, आणि गिऱ्हाइकाची तक्रार नाही! हे मी वर्गात शिकवणार." एकसष्ट गुण. नोकरी वाचली.

पुढच्या शुक्रवारी भिंतीवर सोनेरी चौकटीत प्रमाणपत्र लागलं होतं. मॅटी रस्ता ओलांडताना दिसला. कन्सेप्टाने एक ग्लास नळाखाली धरला, आणि दुसरा हात कुठे ठेवावा हे तिला कळेना.