घटाला घातलेलं खत

आमच्या बाल्कनीत रोपांचे चार ट्रे आहेत. टोमॅटो, मिरची आणि वांगी. रोपं मातीत नाहीत, कोकोपीटमध्ये आहेत, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशात. त्याची दाबलेली वीट मिळते, पाण्यात टाकली की फुगते. या भुशात रोपाला खायला काही नसतं, म्हणून खरी पानं फुटली की पाण्यातून थोडं थोडं खत द्यावं लागतं. मी लिटरला अर्धा ग्रॅम देतो, काट्यावर तोलून. पाणी कधी द्यायचं तेही ट्रे काट्यावर ठेवूनच ठरवतो. पाणी दिल्यावर खालच्या भोकांतून थोडं निथळलं पाहिजे, नाहीतर खताचे क्षार तळाशी साठतात आणि कोवळी मुळं भाजतात. हे सगळं माझ्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. त्यामुळे पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं मला म्हणता येत नाही.

नवरात्रात आई घरात घट बसवते. ती सटाण्याकडची. घटाची माती दरवर्षी तिच्या माहेरच्या शेतातून यायची, भाचा घेऊन यायचा. त्या वर्षी तो आला नाही. पंचवटीच्या बाजारात मातीच्या पिशव्या मिळतात, पण आदल्या वर्षी माती कमी पडली म्हणून तिथली थोडी मिसळली, तर तिच्यातून मुंग्या निघाल्या आणि आठवडाभर देवघराची फरशी पुसावी लागली होती. मी म्हणालो, माती कशाला, आपल्याकडे कोकोपीट आहे.

"देवीला भुसा?" आई म्हणाली.

"नारळाचाच आहे. नारळ चालतो ना तिला?"

"नारळ चालतो रे. नारळाचा कचरा नाय चालत."

माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, हो म्हणा. नाहीतर ते तुम्हाला वही आणून दाखवतील."

आई हसली आणि हो म्हणाली. परातीत पत्रावळ, पत्रावळीवर धुतलेला भुसा, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट आणि त्याभोवती सात धान्यं पेरली. रोज सकाळी आई ओंजळीने थोडं पाणी शिंपडायची. बाकीचा ओलावा घटातून झिरपायचा.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट पहिल्यांदाच झाली होती, आणि तीही माझ्याच हट्टाने. आईने चाळीसहून जास्त वर्षं नऊ दिवसांचा कडक उपास केला आहे. पण आता तिला साखरेच्या गोळ्या सुरू आहेत आणि डॉक्टरांनी उपास बंद सांगितला होता. मी तिला आकड्यांत समजावलं. गोळी किती वाजता, तिचा जोर किती तास, पोटात काही नसेल तर साखर कुठवर उतरते. ती म्हणाली, "बरं. उठता-बसता धरते. मधले दिवस जेवीन. मी सांगते तिला." तिला म्हणजे देवीला. पहिल्या दिवशी हात जोडून तिने खरंच सांगितलं, मी शेजारीच उभा होतो.

तिसऱ्या माळेला धान जेमतेम नखाएवढं आलं होतं. आई वाकून बघत म्हणाली, "मागच्या वर्षी तिसऱ्या माळेला दोन बोटं होतं." बस, एवढंच म्हणाली. तक्रार नव्हती. पण संध्याकाळच्या आरतीला शेजारच्या बायका येतात, आणि भुशाची कल्पना माझी आहे हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या ट्रेंचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी पाहिले होते. मला ते नख सहन झालं नाही.

दुपारी आई झोपल्यावर मी खताचं पाणी करून घटाच्या कडेने घातलं. पेरलेल्या दाण्याला पहिला आठवडा बाहेरून काहीही द्यायची गरज नसते, दाणाच त्याला पुरतो. हेही वहीत आहे. तरी घातलं, आणि लिटरला अर्धा ग्रॅम नाही, दोन. दुसऱ्या दिवशी सकाळी आणि दुपारी, पुन्हा दोन-दोन. आणि परातीला भोक नसतं. एवढी साधी गोष्ट, चार ट्रेंचं पाणी ग्रॅमवर मोजणाऱ्या माणसाच्या लक्षात आली नाही.

पाचव्या माळेला गव्हाची टोकं पिवळी पडली. दुपारपर्यंत तपकिरी झाली आणि एका बाजूचं धान आडवं झालं. मला पाहताक्षणी कारण कळलं. आई घटासमोर पाटावर बसली होती. ती घटाला म्हणाली, मला नाही, "माझं चुकलं. मी जेवले."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण देवीच्या घटात रासायनिक खत घातलं, तेही चोरून, हे आईला कोणत्या तोंडाने सांगायचं, असा विचार आला. आधी सुधारू, मग सांगू, असं मी स्वतःला समजावलं. आता लिहिताना कळतं, सुधारलं असतं तर मी ते कधीच सांगितलं नसतं.

सुधारायचं तरी कसं? ट्रे असता तर नळाखाली धरून साध्या पाण्याने धुऊन काढला असता. पण घट एकदा बसवला की नवमीपर्यंत हलवत नाहीत. म्हणून मी औषधाच्या दुकानातून बिनसुईची मोठी सिरिंज आणली. दुपारी गुडघे टेकून परातीच्या कडेचं पाणी ओढून काढायचं, वरून साधं पाणी घालायचं, पुन्हा ओढायचं, असं चाललं होतं. निघणारं पाणी चहाच्या रंगाचं होतं. तेवढ्यात मागे आई उभी.

"काय करतोस रे?"

"पाणी जास्त झालंय," मी म्हणालो. "तेच काढतोय."

घटाला पाणी घालण्याचं काम आईचं होतं. हे मला वाक्य पूर्ण झाल्यावर जाणवलं. ती आपल्या ओंजळीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आता हातालाही अंदाज राहिला नाय माझ्या." मी सिरिंज रिकामी करत बसलो.

संध्याकाळी आरतीला तिघी आल्या. समोरच्या काकू, खालच्या मजल्यावरची सूनबाई आणि वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आईने त्यांना आपणहून सांगितलं. यंदा उपास मोडला, पाणीही जास्त घातलं, म्हणून घट असा झाला. काकू म्हणाल्या, "असं नसतं हो काही." पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि सूनबाईने घटाकडे पाहून नजर दुसरीकडे वळवली. मी प्रसादाची ताटली धरून उभा होतो.

सहाव्या माळेला आईने ताट बाजूला सारलं. "पोटात जड वाटतंय," म्हणाली. गोळी मात्र घेतली, कारण गोळीचं तिने मला वचन दिलं होतं. संध्याकाळीही दोन घास भगर, एवढंच. मला समजत होतं ती काय करते आहे. जेवणाची भरपाई करत होती. तरी मी म्हणालो काय, तर "आई, डॉक्टर ओरडतील." डॉक्टरांना पुढे केलं.

सातव्या माळेला सकाळी आई फुलांची माळ बांधायला स्टुलावर चढायच्या आधीच भिंतीला टेकून खाली बसली. घाम फुटला होता, हात थरथरत होते. मी बोटाला सुई टोचून साखर पाहिली, अठ्ठावन्न. बायकोने साखरेचं पाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिली, एकोणऐंशी. आणि मी काय केलं, तर उठून दोन्ही आकडे वेळेसकट वहीत लिहिले. तीच वही. वरच्या ओळीत चौथ्या माळेचं "२ ग्रॅ./लि." लिहिलेलं होतं. मी तेही प्रामाणिकपणे टिपून ठेवलं होतं! वहीला सगळं खरं सांगत होतो, आईला नाही.

मी परत येऊन तिच्याजवळ फरशीवर बसलो.

"आई, घट तुझ्यामुळे नाही गेला. मी खत घातलं. तिसऱ्या आणि चौथ्या माळेला. तुझं पाणी बरोबर होतं, जेवणही बरोबर होतं."

ती पेल्यातलं उरलेलं गोड पाणी प्यायली. मग म्हणाली, "आणि परवा माझ्यासमोर पिचकारी घेऊन बसला होतास, तेव्हा ठाऊक होतं?"

"होतं."

"दोन दिवस मी तिच्यापुढे कान धरतेय. तुझ्या डोळ्यांदेखत."

"हो."

बायको म्हणाली, "अहो, त्या पडल्या असत्या स्टुलावरून." मला तेही ठाऊक होतं.

"भाकरी टाक गं," आई बायकोला म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता, "तिघींना मी सांगून बसलेय माझं चुकलं म्हणून. त्यांना कोण सांगणार?"

"मी सांगतो."

ती दीड भाकरी जेवली. मी लगेच निघालो. काकूंना दारातच सांगितलं, खत मी घातलं, आईची काही चूक नाही. त्या हसल्या, "एवढंच ना?" म्हणाल्या. सूनबाईलाही तसंच सांगितलं, तिला जरा अवघडल्यासारखं झालं. मग वर गेलो. मुख्याध्यापिकाबाई गेल्याच महिन्यात माझे ट्रे पाहायला आल्या होत्या. माझ्याकडून लिहून घेऊन त्यांनीही तसाच ट्रे लावला होता, आणि तो दाराशीच ठेवलेला होता, रोपं चांगली हिरवी. त्यांनी विचारलं, "काय हो, घट कसा काय गेला?" आणि मी म्हणालो, "भुशाची वीटच खराब निघाली, बाई. आईचा काही दोष नाही."

जिना उतरताना मी स्वतःला सांगत होतो की मुख्य गोष्ट सांगून झाली, आईचा दोष नाही हे सांगितलं.

संध्याकाळी तिघी आरतीला आल्या. बाई घटाकडे पाहत आईला म्हणाल्या, "वीट खराब निघाली म्हणे. तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. सूनबाईनेही पाहिलं. आई निरांजनात वात सारखी करत होती, तिचा हात थांबला. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन एवढा वेळ तिने मला दिला, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मग ती म्हणाली, "हो. वीटच खराब होती." आणि निरांजन लावलं.

देवीसमोर बसून आई खोटं बोलली, तेही मला वाचवायला. आरती सुरू झाली. मी टाळ्या वाजवत होतो. समोर परातीत आडवं पडलेलं धान होतं, आणि सकाळी भिंतीला टेकून खाली बसलेल्या आईचा आवाज आता नेहमीसारखा खणखणीत होता.