उंबऱ्यातलं कासव

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा तोताराम याच्याबद्दल चांगलं काही सांगायचं तर एवढंच की तो कुणाला मारत नसे. मारायला अंग हलवावं लागतं.

आमच्या वडिलांना आम्ही दोघी मुलीच. मी शेवंता, थोरली. मला नशिराबादमध्येच दिलं, तीन गल्ल्या पलीकडे. कुंदासाठी वडिलांनी घरजावई शोधला आणि भडगावहून हे रत्न आणलं. घर आयतं, शेत आयतं, विहिरीला पाणीही आयतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबाला निदान फणा असतो. तोतारामला मिशी होती, तीही एका बाजूला कमी.

वडील गेले तेव्हा हमरस्त्याला तोंड असलेली पुढची खोली त्यांनी कुंदाच्या नावाने सांगून ठेवली होती. तिथे तिचं शिलाई मशीन होतं. कुंदाच्या हातचा ब्लाउज घातला की बाई दोन वर्षांनी तरुण दिसते असं गावात म्हणत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, त्याआधीचा महिनाभर तिला मान वर करायला फुरसत नसे. त्या महिन्यावर घर वर्षभर चाले. तोताराम नावाचा प्राणीही त्यावरच चाले.

त्याने धंदे केले नाहीत असं मी म्हणणार नाही. आधी कोंबड्या आणल्या. त्या रोगाने गेल्या. जावयाने तीन आठवडे गोधडी डोक्यावरून घेतली. ताट आत जायचं, रिकामं बाहेर यायचं. मग एक दिवस गोधडीतून मान बाहेर आली आणि स्वारी कॅसेटी भाड्याने द्यायला निघाली. गावात व्हीसीआर दोन घरांत, आणि त्या दोन्ही घरांशी याचं वाकडं. पुन्हा गोधडी, पुन्हा ताट.

तिसऱ्या खेपेला तो भुसावळहून टीव्हीवर खेळायचा गेम घेऊन आला. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट असेल. कुंदाला न विचारता त्याने तिचं मशीन उचलून मागच्या गोठ्यात नेऊन ठेवलं, म्हशीच्या शेजारी, आणि पुढच्या खोलीत बाकडी मांडली. मी भांडायला गेले तर मलाच समजावू लागला. तोंडात तंबाखू, बोलणं त्याचं भडगावकडचं, अहिराणी. "अक्का, यामा बठ्ठा फायदाच शे. आते बठ्ठं गाव आठेच येई." आता सगळं गाव इथेच येणार, म्हणे.

गावातली पोरं आली, हे खरं. मीही एकदा बाकड्यावर बसून तो खेळ पाहिला. ज्याने माझ्या बहिणीला गोठ्यात घातलं ते आहे तरी काय, हे बघायचं होतं. एक बुटका गडी उड्या मारत पळतो आणि समोरून एक कासव येतं. त्याला ना डोकं ना धोरण. सरळ चालतं. भिंत लागली की वळतं, खड्डा आला की पडतं. वरून उडी मारली की मान आत घेऊन कवचात गप्प बसतं. आपल्याला वाटतं मेलं. पण थोडा दम धरला की पुन्हा पाय बाहेर काढून त्याच दिशेने चालायला लागतं. त्या कवचाला लाथ मारली तर ते घसरत जाऊन पुढच्या सगळ्यांना आडवं करतं, भिंतीला लागतं आणि मारणाऱ्याच्याच नडगीवर परत येतं. तोतारामने यंत्रात दुसऱ्या खेळाची पट्टी घातली, तिसऱ्याची घातली. प्रत्येकीत तेच कासव. आधी हिरवं, मग तांबडं, मग पंखांचं.

पंखांचं पाहिल्यावर मला कोंबड्या आठवल्या. मी त्याच्याकडे पाहिलं. तो तोंड उघडं टाकून टीव्हीकडे पाहत होता. सख्खा भाऊसुद्धा इतका सारखा नसतो.

खरं सांगते, मला या माणसाचा राग येत नसे. रागाला समोर माणूस लागतो. मला त्याची किळस होती, आणि कुंदाची फार दया येई. ती एकदाच माझ्याजवळ बोलली, तेही पीठ मळता मळता, वर न बघता.

"अक्का, आखाजी तोंडावर आली. गोठ्यात कोन येईन माप द्याले?"

कुणी येत नव्हतंच. पदर बाजूला करून म्हशीसमोर उभं राहायला कोणत्या बाईला आवडेल? बायका हमरस्त्यावरच्या नव्या शिंप्याकडे वळू लागल्या होत्या. ही आखाजी गेली की गिऱ्हाईक कायमचं गेलं, हे कुंदाला कळत होतं, मला कळत होतं, म्हशीलाही कळत असावं. तोतारामला नव्हतं. त्याच्या डोक्यात जाहिरात शिरली होती.

पोरं कासवावर उड्या मारायला येतात ना, मग दारातच एक कासव करू. उडी मारूनच आत यायचं! अशी ही अक्कल. त्याने जीवराम गवंड्याला बोलावलं आणि उंबऱ्यात सिमेंटचं कासव करायला सांगितलं. जीवरामने जन्मात देवळातलीच कासवं केलेली. त्याने टीव्ही पाहिला नाही, पोरं पाहिली नाहीत. परातीएवढं, पाठीवर नीट चौकटी कोरलेलं कासव उंबऱ्याच्या मधोमध बसवलं, आणि देवळात असतं तसं त्याचं तोंड आत केलं. देवळात कासवाच्या समोर देव असतो. इथे समोर टीव्ही.

पहिले चार-पाच दिवस जावई खुशीत होते. पोरं पायताणासकट कासवाच्या पाठीवर धपाधप उड्या मारत आत जात. सिमेंटवर चिखल साचला. मग एका सकाळी त्या पाठीवर हळदीकुंकू दिसलं आणि वर जास्वंदीचं फूल.

आमची म्हातारी चुलती बेबाबाई रोज त्याच वाटेने मारुतीला जाई. तिला दिसतं कमी, पण कुंकू दिसलं. ती वाकली, कासवाला हात लावला, कपाळाला लावला आणि आत टीव्हीलाही मनोभावे नमस्कार केला. पाठोपाठ पोरांचं टोळकं आलं आणि पहिल्याने नेहमीसारखी उडी घेतली, थेट कुंकवावर.

"देवाच्या पाठीवर नाचता का रे मुडद्यांनो?" म्हणत बेबाबाईने काठी चालवली. पोराची आई धावत आली, तिच्या बाजूने दुसरी आली, आणि दुपारपर्यंत सगळी गल्ली दारात जमली. गावात ज्यांचा शब्द चाले ते अभिमनआबा आले. तोताराम मध्ये उभा राहून प्रत्येकाला सांगत होता की हे देवाचं कासव नाही, हे गेममधलं, शत्रूचं कासव आहे, याला मारायचंच असतं. एवढं बोलून त्याने स्वतःच आपला धंदा पुरला. कुंकू लागलेल्या कासवाला शत्रू म्हणणारा जावई गावाने पहिल्यांदाच पाहिला.

आबांनी विचारलं की मग उखडून टाकायचं का. कुणी पुढे झालं नाही. कुंकू लागलेल्या वस्तूवर पहार कोण घालील? जीवराम तर हात मागे घेऊनच उभा होता. तेव्हा कुंदा डोक्यावर पदर घेऊन पुढे आली. चार माणसांत मी तिला बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"आबा, कासवाचं तोंड आत हाये. समोर देव पाह्यजे. मायचा देव्हारा मी तठी ठेवते, रोज दिवा लावते. पन मंग चप्पल, बिडी, तंबाखू आत नको."

आबांना ते पटलं. पटणारच, त्याच्या विरुद्ध बोलायला तोंड लागतं, आणि आमच्या जावयाच्या तोंडात तंबाखू होती. संध्याकाळी टीव्ही गोठ्यात गेला आणि मशीन खोलीत आलं. पोरं गोठ्यात दोन दिवस बसली, शेणाचा वास घेतला आणि पांगली. पुढे म्हशीने एक वायर चघळली. तोतारामने गोधडी घेतली.

इकडे बायका चपला काढून, कासवाला हात लावून, बाजूने आत येत, देव्हाऱ्याला नमस्कार करत आणि तिथेच उभ्या उभ्या माप देत. पुरुष फिरकत नसत, त्यामुळे त्यांना आणखी मोकळं वाटे. त्या आखाजीला कुंदाने इतके ब्लाउज शिवले की काजं-बटणं करायला मला बसावं लागलं.

पुढच्या आखाजीच्या आधीही मी अशीच बटणं लावत बसले होते. खोलीत तीन-चार बाया होत्या, देव्हाऱ्यापाशी कापडांचा ढीग. ते कुंकू बेबाबाईनेच लावलं असं सगळं गाव धरून होतं. मी म्हटलं, तिचे उपकार मानले पाहिजेत. तिने त्या दिवशी कुंकू लावलं म्हणून ही खोली परत मिळाली.

कुंदाने दातांनी दोरा तोडला आणि माझ्या कानाशी वाकली.

"पह्यलं कुंकू मीच लावलं व्हतं, अक्का. बेबाबाई तर मांगून आली."

मी सुई थांबवून तिच्याकडे वळले. ती पुन्हा पायाने मशीन चालवू लागली होती. इतक्यात दारात सावली पडली. तोताराम उठला होता. अंगावर धुतलेला शर्ट, डोळ्यांत तीच चमक; या खेपेला त्याला एसटीडीचा फोन लावायचा होता आणि त्यासाठी रस्त्याकडची खोलीच लागणार होती. एवढं तो दाराबाहेरूनच सांगून मोकळा झाला आणि आत यायला निघाला. मग त्याची नजर खाली गेली. त्याने तंबाखू थुंकली, चपला काढल्या, वाकला आणि स्वतःच बसवून घेतलेल्या कासवाच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावला.

"तठीच बसा," कुंदा मान वर न करता म्हणाली. "आत बाया हायेत."

तो कासवाशेजारी पायरीवर बसला. अजून तिथेच बसतो.