पाय झटका, तीनदा

गाडीच्या दाराला हात लावला रे लावला की मॅडमचा तळहात वर व्हायचा, चौकातल्या पोलिसासारखा. "पाय झटका. तीनदा." आपण झटकायचे. "डावा पुन्हा. माती दिसून राह्यली."

नवी गाडी जिवापाड जपणारं कुणीतरी तुमच्याही गल्लीत असेलच. आमच्या वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत मॅडम होत्या. माझ्याच ऑफिसात हेडक्लार्क, राहायला दोन घरं पलीकडे, एकट्या. नोकरीची चार वर्षं उरली असताना त्या गाडी चालवायला शिकल्या आणि पांढरीशुभ्र कोरी गाडी घेऊन आल्या. मी रोज त्यांच्यासोबत ऑफिसला जायचो. फुकट नव्हे, पाय झटकून.

पूजेच्या दिवशी भटजी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला वाकले, तेवढ्यात मॅडमनी तिथं पारदर्शक प्लास्टिक अंथरलं. "देवाले दिसते त्यातून," म्हणाल्या. आरती झाली आणि स्वस्तिक घडी होऊन देवघरात गेलं. भटजींनी नारळ जरा लांब जाऊन फोडला.

ऑफिसात सगळे कडुलिंबाच्या सावलीत गाड्या लावायचे. मॅडम लावायच्या आवाराच्या पार टोकाला, कव्हर घालून. सावलीत पाखरं असतात. "पाखराची घाण रंग खाते जी." शिवाय शेजारी दुसरी गाडी आली की दार घासणार. आत शोरूमचं प्लास्टिक सीटवर तसंच होतं आणि पायाखाली कालचा पेपर. एप्रिलमध्ये माणूस सीटवरून आधी उठायचा, शर्ट मागाहून यायचा. मी एकदा कुरकुरलो. "पण सीट नवी हाये ना?" त्या म्हणाल्या. सीट नवी होती, हे मला मान्य करावं लागलं.

पवनारला त्यांचे थोरले भाऊ होते. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणायचो. त्यांची भाजीची वाडी होती. मे महिन्यात दादांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. नागपूर रोडवर एकटीनं गाडी न्यायला मॅडम घाबरत, म्हणून सोबतीला मी मागे बसलो.

दादा वाडीजवळ रस्त्यावरच उभे होते. वांग्यांना पाणी देऊन आलेले, पाय चिखलाचे. मॅडमचा तळहात वर झाला. "दादा, पाय झटकजो." दादांनी मान हलवली, क्षणभर वाकले, पुढच्या सीटवर बसले. आम्ही निघालो.

दवाखान्याच्या आवारात मॅडमनी नेहमीप्रमाणे सगळ्यांत लांबची मोकळी जागा शोधली. दार दूर, ऊन डोक्यावर. दादा उतरले आणि टाचा उचलून भराभर चालू लागले. आम्हाला वाटलं, घाई आहे. मग मॅडमचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं.

"दादा! चपला कुठी हायेत?"

"तिथंच ठेवल्या रस्त्यावर. तुही गाडी खराब होईन म्हणून."

देवळात जाताना काढतात तशा काढून, नीट जोडीनं लावून ते बसले होते. मला हसू आलं. मॅडमना आलं नाही. त्यांनी दादांना हाताला धरून सावलीत नेलं, पाय पाहिले. तळवे लाल झाले होते. त्या परत गाडीकडे आल्या, पुढचा पेपर चुरगाळून फेकला आणि डाव्या सीटचं प्लास्टिक नखांनी फाडलं. मागचं तसंच राहिलं. तिथं मी बसत होतो.

दादा आत डॉक्टरांकडे असताना त्या माझ्याशी बोलल्या, पण माझ्याकडे पाहत नव्हत्या. "शाळेत न्यायचा मले. सायकलीवर, भाजीच्या पोत्यावर बसवून. माह्या स्कर्टाले माती लागू नये म्हणून वरतून आपला सदरा अंथरायचा. अन् स्वतः बनियनवर वर्ध्यापर्यंत." मला फार वाईट वाटलं, आणि मघाच्या हसण्याची लाजही वाटली.

परतताना दादांच्या पायात नव्या चपला होत्या. तरी ते पाय अधांतरी धरून बसलेले. "ठेव खाली," मॅडम रागानंच म्हणाल्या. "माह्या गाडीत तू पाय झटकायचे नाई. कधीच नाई." दादांनी पाय टेकवले. त्यांच्या पायाखालची मॅट मॅडमनी पुढे कधी झाडली नाही. बाकी गाडी रोज पुसली जायची आणि मी रोज पाय झटकायचो.

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. निवृत्तीला सात महिने उरले होते. गाडी पवनारला गेली. तेरवीच्या दिवशी जेवणं झाल्यावर दादा म्हणाले, बसथांब्यापर्यंत सोडतो. गाडी चालवायला त्यांची सून बसली. तिला मॅडमनीच शिकवलं होतं.

मी मागच्या दाराला हात लावला आणि सवयीनं पाय झटकले. आत प्लास्टिक होतंच. पुढच्या मॅटवर वाळलेली माती होती. मी बसलो, तरी दादा बाहेरच. दाराला धरून पाय झटकत होते.

"बाबा, बसा नं," सून म्हणाली. "तुमाले तर आत्याबाईनं माफ केलं होतं."

"थांब जरा," दादा म्हणाले. "डावा राह्यला."