लंकाबाईच्या हातचं बी

श्रीगोंद्याकडच्या त्या वाडीत हुलग्या-मटकीचं बियाणं सांभाळायचं काम लंकाबाईकडे होतं. कुणी नेमलं नव्हतं. तिच्या हातचं बी उगवतं, एवढंच. सुगी झाली की घरोघरचे दाणे तिच्याकडे यायचे. गोवऱ्यांची राख चाळून ती दाण्यांना चोळायची आणि मडकी लिंपून ठेवायची. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडून आली, उपाशी निजली, पण बियाण्याला तिनं हात लावला नाही. बी खाणारा निपुत्रिक मरतो म्हणायची. स्वतः तर निपुत्रिकच होती!

त्याआधीच रेल्वेलगतच्या गायरानावर कोळशाचं वीजघर उठलं होतं. गायरान गेलं, मग गुरं गेली, मग गोवऱ्या. वीज तारांवरून परस्पर नगरला जायची. वाडीला धूर मिळाला.

त्र्याहत्तरच्या चैत्रात मडक्यांतली राख बदलायची वेळ आली. घरात मूठभर राख नव्हती आणि वीजघराच्या फाटकाबाहेर राखेचा डोंगर! लंकाबाईनं पाट्या भरल्या. राख कोमट लागली.

"बरंच हाय, कीड मरंल," ती स्वतःशीच म्हणाली आणि तीच राख मडक्यांत घातली.

गोवरीची राख रात्रीत निवते. कोळशाची पोटात धग धरून बसते, हे तिला कुणी सांगावं?

मृगात पेरण्या झाल्या. दहा दिवस गेले तरी रानं उघडीच. जुन्या राखेत राहिलेलं एकच लहान मडकं तिनं परसात पेरलं होतं, ते तेवढं उगवलं. त्यातली चार रोपं उपटून ती चावडीवर सरपंच सूर्यभानकडे गेली. त्याची दोन्ही पोरं वीजघरात कोळसा ओढत होती.

"ही जुन्या राखंतली, बघ. त्यांच्या राखंनं बी भाजलं रं. चूक माजी, पन राख त्यांची हाय. त्यांच्याकडनं गावाला बी मागून दे."

सूर्यभाननं रोपांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मावशे, राखंला नाव ठिवू नको. निम्म्या वाडीची चूल तिच्यावर पेटती. तुज्या हाताचं यश गेलं, दुसरं काय!"

चावडीवरची माणसं खाली बघत राहिली. मेल्यांना सगळं कळत होतं.

त्यानंतर तिच्या दारी कुणी मडकं घेऊन आलं नाही. नव्या राखेतलं एक मडकं पेरायचं राहिलं होतं, त्याचं लिंपण तिनं फोडलं, हुलगे तीनदा धुतले, भरडले आणि माडगं शिजवलं. जन्मात पहिल्यांदा ती बियाणं खात होती. राख दाताखाली कचकचत होती, तरी तिनं वाटी पुसून खाल्ली.