सहदेव मापाऱ्याचं तोंड

अमडापूरच्या बाजारात सहदेव मापाऱ्याचं तोंड त्याच्या मालकीचं नव्हतं. ज्वारीच्या राशीपुढे बसून पायली हातात घेतली आणि 'एक' न म्हणता 'लाभ' म्हटलं, की ते तोंड राशीचं होई. पायली भरेपर्यंत तो एकच आकडा आळवीत राही; पुढची घेतली की पुढचा. मध्ये दुसरा शब्द निघाला तर माप खंडलं, रास पुन्हा पहिल्यापासून मोजायची. सरकारनं किलो आणले होते, चिखलीच्या अडतीत काटे टांगले होते. अमडापूरचा शेतकरी मात्र नव्या जावयाकडे पाहावं तसा काट्याकडे पाही. मान द्यायचा, विश्वास ठेवायचा नाही.

सहदेवचं माप कधीच खंडलं नव्हतं. एकदा त्याच्या धोतरात विंचू शिरला, तेव्हा तो 'चौतीस' अशा सुरात म्हणाला की अर्धा बाजार गोळा झाला. पण म्हणाला चौतीसच.

एका बाजारी तो कडूबा शेतकऱ्याची रास मोजत होता. एवढ्यात बायको, तानाबाई, धापा टाकत आली.

"म्हटलं, मेहकरचे पंजाबराव आले! खामगावाहून घरी चालले. गाडी थांब्यावर उभी हाय, ड्रायवर चहा पिऊन राह्यला. केसरसाठी तुमचा होकार पाह्यजे म्हंतात, तोही बापाच्या तोंडून."

"एकवीस... एकवीस..." सहदेव म्हणाला.

केसरला विसावं लागलं होतं. पंजाबरावांचा मुलगा मास्तर होता आणि तो पाहून गेल्यापासून घरातला आरसा जागेवर सापडत नव्हता.

मागोमाग पंजाबराव आलेच, काखेत छत्री घेऊन. "सहदेवराव, चिखलीले दुसरी पोरगी पाहाची हाय. तुमी हो म्हना, मी तिथं उतरतच नाही."

"बावीस... बावीस..."

"हे का बोलनं झालं?"

"त्याइले बोलवू नका हो पाव्हणे," कडूबा पोत्याचं तोंड धरून ओरडला. "माप चालू हाय माह्यं!"

"निदान मान तरी हालवा!" तानाबाई म्हणाली.

सहदेवनं जोरात मान हलवली. पण मापाच्या ठेक्यावर त्याची मान सकाळपासून हलतच होती. पंजाबरावांनी ती थोडा वेळ न्याहाळली आणि नाद सोडला.

थांब्यावर हॉर्न वाजला.

"पोरीपक्षा जवारी मोठी झाली का तुमाले?" असं म्हणून पंजाबराव वळले.

सहदेवनं पायली भरली. भरल्या पायलीवरून त्याला ती पाठ दिसत होती, छत्री दिसत होती. छत्री गुळाच्या दुकानापाशी पोचली. पायली हवेतच राहिली.

"सव्वीस... सव्वीस... स... हाव! देली पोरगी! थांबा हो पंजाबराव!"

कुणाला तरी वाटलं, पुन्हा विंचू शिरला.

"खंडलं!" कडूबानं कपाळावर हात मारला. "आता सांडा सारी पोती! आन् पोरगी द्यायले माह्यीच रास भेटली का बे तुले?"

तानाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. हसत होती की रडत होती, ते पदरालाच ठाऊक. पंजाबराव परत आले. तेही शेतकरी, माप खंडणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी एकदा थांब्याकडे पाहिलं. गाडी निघाली होती. त्यांनी छत्री तानाबाईकडे दिली, धोतर वर खोचलं आणि पहिलं पोतं उचलून राशीवर उपडं केलं.

"मोजा व्याही," ते म्हणाले. "मी धरतो पोतं."

सहदेवचं तोंड आता मोकळं होतं. बोलायचं खूप होतं, एक शब्द सुचेना. त्यानं पायली राशीत खुपसली.

"लाभ..." तो म्हणाला. "लाभ... लाभ... लाभ..."

पायली केव्हाच भरली होती, वरून ज्वारी ओघळत होती, तरी तो तेच म्हणत राहिला. शेवटी कडूबाच ओरडला, "आता दोन म्हना ना बापा!"